मार न लागता दुखणारा घोटा

पाय मुरगळला की तालमीकडे धाव घ्यावयाची, ही बडोदेकरांची पिढ्यान्‌पिढ्यांची सवय होय. श्रीमंत सयाजीराव महाराजांच्या कारकिर्दीत या नगरीने मल्लविद्येला व व्यायामाला उदार आश्रय दिला. राजरत्न प्रो. माणिकराव यांनी येथील श्री जुम्मादादा व्यायाममंदिरात व्यायामाच्या शिक्षणाबरोबरच हाडे बसविण्याची सेवाही चालविली. दहा खंडांचा मराठी व्यायामज्ञानकोश याच नगरीतून प्रसिद्ध झाला. अशा नगरीतील मराठी घरांतून लचकलेल्या पायाची फारशी भीती बाळगली जात नाही, यात नवल नाही. पट्टी कशी बांधावी, पाय किती दिवस टेकू नये, हे घरातील वडीलधाऱ्या मंडळींना सहसा ठाऊक असते.

परंतु कित्येकदा असे घडते की, कोणी पडलेले नसते, घसरलेले नसते, पाऊल कोठे वाकडे पडलेले नसते; आणि तरीही घोटा दुखू लागतो. अशा वेळी, “झोपेत मुरगळला असेल” असा तर्क करून तेल ऊन केले जाते आणि दुखरा घोटा जोर लावून चोळला जातो. मार लागल्यावर कसे वागावे याविषयीचे आपले ज्ञान आपण मार न लागलेल्या घोट्यालाही लावतो. येथेच चूक होते. मार न लागता दुखणाऱ्या घोट्याचे कारण पुष्कळदा घोट्यात नसून रक्तात, मूत्रपिंडात, मज्जातंतूंत किंवा हृदयातही असू शकते. म्हणून अशा घोट्यास चोळण्यापूर्वी त्याची विचारपूस करणे अगत्याचे आहे. ती कशी करावी, हे सांगण्याचा या लेखाचा हेतू आहे.

प्रस्तुत लेखकास याचा अनुभव स्वतःच्या पायावर घ्यावा लागला. दोन वर्षांपूर्वी एका लग्नसमारंभाहून परतल्यावर मध्यरात्री उजवा घोटा एवढा ठणकू लागला की, अंगावरील चादरीचा स्पर्शही सहन होईना. घरच्यांनी मायेने तेल लावून चोळले. पहाटेपर्यंत घोटा तांबडालाल होऊन दुप्पट सुजला. पुढे तपासणीअंती निष्पन्न झाले ते मुरगळणे नव्हे, तर वातरक्त. चोळणाऱ्यांची माया खरी होती; निदान तेवढे चुकले होते.

घोट्याची रचना

नडगीचे जाड हाड, तिच्या बाहेरच्या बाजूस असलेले बारीक हाड आणि पावलातील सर्वांत वरचे हाड अशा तीन हाडांचा मिळून घोट्याचा सांधा बनतो. दोन्ही बाजूंस हाताला लागणारे उंचवटे म्हणजे नडगीच्या या दोन हाडांची टोके होत. हाडांना परस्परांशी जखडणारे अस्थिबंध येथे आहेत. पोटरीच्या स्नायूंची ओढ पावलापर्यंत पोहोचविणाऱ्या कंडरा सांध्याच्या चहूबाजूंनी खाली उतरतात. त्यांतील सर्वांत जाड कंडरा टाचेच्या मागे दोरखंडासारखी हाताला लागते. याखेरीज रक्तवाहिन्या व मज्जातंतूही याच अरुंद वाटेने पावलात उतरतात.

चालताना या लहानशा सांध्यावर शरीराच्या वजनाच्या कित्येक पट भार पडतो. शिवाय हृदयापासून तो फार दूर व सर्वांत खालच्या पातळीवर असल्याने शरीरात साचणारे पाणी प्रथम येथेच उतरते. ‘घोटा दुखतो’ या दोन शब्दांमागे एवढ्या निरनिराळ्या गोष्टी असू शकतात, त्याचे कारण हेच.

अतिश्रमाचे दुखणे

सर्वांत अधिक आढळणारे व सर्वांत सौम्य कारण म्हणजे अतिश्रम. वडोदऱ्यात नवरात्राच्या नऊ रात्री गरब्याच्या मैदानावर हजारो तरुण-तरुणी अनवाणी फेर धरतात. वर्षभर खुर्चीत बसलेला पाय एकाएकी रात्रीचे तीन-चार तास गिरक्या घेऊ लागला, तर पाचव्या-सहाव्या रात्री तो कुरकुरू लागणारच. सुमारे ५० किलोमीटरवरील पावागडाच्या पायऱ्या एका दमात चढून उतरणारे भाविक, चैत्रातील उत्तरवाहिनी नर्मदा परिक्रमेस महाराष्ट्रातून येणारे पदयात्री, दिवसभर फळ्यापुढे उभे राहणारे शिक्षक व चौकात उभे राहणारे पोलीस या सर्वांच्या तक्रारीचे मूळ एकच असते. कंडरांना सवयीपेक्षा अधिक काम पडते व त्यांचा दाह होतो.

असे दुखणे हळूहळू वाढते, श्रमाने वाढते व विश्रांतीने कमी होते. टाचेमागील कंडरा दुखत असेल, तर सकाळी उठल्यावर पहिली काही पावले अवघड जातात. आठ-दहा दिवस श्रम कमी करावेत, फडक्यात गुंडाळलेला बर्फ दिवसातून तीन-चार वेळा पंधरा मिनिटे ठेवावा, पाय उशीवर उंच ठेवावा आणि टाचेला आधार देणारी पादत्राणे वापरावीत, एवढ्याने बहुधा आराम पडतो. त्यानंतर भिंतीला हात टेकून पोटरी ताणण्याचा व दोन्ही चवड्यांवर उभे राहून टाचा सावकाश खाली आणण्याचा व्यायाम रोज केल्यास दुखणे परतत नाही. मात्र हाडावर एकाच ठिकाणी बोट ठेवताच कळ येत असेल व पाऊल टाकवत नसेल, तर सततच्या ताणाने हाडास बारीक तडा गेल्याचा संभव असतो. अशी तड आरंभीच्या क्ष-किरण छायाचित्रात पुष्कळदा दिसत नाही, हेही ध्यानात ठेवावे.

चाळिशीपुढील, विशेषतः स्थूल प्रकृतीच्या स्त्रियांमध्ये आतल्या घोट्यामागे दुखणे व पावलाची कमान हळूहळू खाली बसणे, असा एक विकार आढळतो. एका पायाच्या चवड्यावर उभे राहून टाच उचलता येईना, तर हा संशय घ्यावा. कमानीला आधार देणारा पादत्राणातील तळवा वेळीच वापरल्यास पाऊल कायमचे सपाट होण्याचे टळू शकते.

आपल्याकडे जमिनीवर मांडी घालून बसण्याची चाल आहे. शिंपीकाम करणारे, भजनी मंडळी व वादक तासन्‌तास असे बसतात. त्यामुळे बाहेरच्या घोट्यावर सतत दाब पडून तेथे घट्टा पडतो व कधी पाण्याने भरलेली मऊ गाठ येते. जाड आसन वापरणे व बैठक बदलत राहणे हा यावरील साधा उपाय होय. ही गाठ घरी टोचू नये.

सांध्याची झीज गुडघ्यात वयोमानाने होते, तशी ती घोट्यात सहसा होत नाही. घोट्याची झीज झालेली आढळली, तर बहुतेक वेळा त्यामागे अनेक वर्षांपूर्वीची मोडतोड किंवा वारंवारचे मुरगळणे असते. “मला कधी मार लागला नाही” असे सांगणाऱ्याने आपले तरुणपणीचे खेळ एकदा आठवून पाहावेत.

रक्तातून येणारे दुखणे

वातरक्ताचा उल्लेख वर आलाच आहे. चरकसंहितेत या विकाराला स्वतंत्र अध्याय दिलेला आहे, यावरून त्याची प्राचीनता लक्षात यावी. रक्तातील यूरिक ॲसिडचे प्रमाण वाढले की त्याचे सुईसारखे सूक्ष्म स्फटिक सांध्यात साचतात व एखाद्या रात्री एकाएकी भडका उडतो. पायाच्या अंगठ्याचा सांधा हे त्याचे आवडते स्थान असले, तरी घोटाही त्यातून सुटत नाही. चाळिशीपुढील पुरुष व रजोनिवृत्तीनंतरच्या स्त्रिया यांना हा विकार अधिक होतो. मद्य, अतिमांसाहार, गोड शीतपेये, लठ्ठपणा व मूत्रपिंडाचे विकार त्यास पोषक ठरतात. लघवी वाढविणाऱ्या गोळ्यांनीही यूरिक ॲसिड वाढू शकते.

येथे दोन गैरसमज दूर करावयास हवेत. पहिला असा की, डाळी खाल्ल्याने वातरक्त होते, म्हणून वरण बंद करावे. डाळींचा तसा मोठा दोष आढळून आलेला नाही. दुसरा असा की, भडक्याच्या वेळी रक्ताची तपासणी निर्दोष निघाली म्हणजे वातरक्त नव्हे. त्या दिवसांत यूरिक ॲसिडचे प्रमाण पुष्कळदा कमी भरते. म्हणून दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा तपासणी करणे इष्ट. दुखऱ्या सांध्यातील द्रव सूक्ष्मदर्शकाखाली पाहणे ही निदानाची खात्रीची रीत होय.

डासांमुळे येणारा चिकुनगुन्याही घोट्याला फार छळतो. आफ्रिकेतील ज्या भाषेतून हे नाव आले, तीत त्याचा अर्थच मुळी ‘वाकवून टाकणारा’ असा आहे. १९७३ साली सोलापूर जिल्ह्यातील बार्शी येथे त्याची मोठी साथ आली. त्यानंतर तीन दशके तो जणू विसरला गेला आणि २००६ साली महाराष्ट्र व गुजरातसह अनेक राज्यांत पुन्हा उसळला. दोन-चार दिवसांचा ताप, अंगावर पुरळ आणि त्यानंतर दोन्ही घोटे, मनगटे व बोटे आखडणे हा त्याचा क्रम. ताप उतरल्यावरही सांधे काही आठवडे, क्वचित कित्येक महिने दुखत राहतात. अशा तापात डेंग्यू नसल्याची खात्री होईपर्यंत ॲस्पिरिनसारख्या वेदनाशामक गोळ्या मनाने घेऊ नयेत, कारण त्यांनी रक्तस्राव होण्याचा धोका असतो. हा डास दिवसा चावतो व साठविलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो. म्हणून आठवड्यातून एक दिवस पिंपे, टाक्या व कुंड्यांखालच्या ताटल्या कोरड्या करण्यासारखा दुसरा उपाय नाही.

दोन्ही बाजूंचे लहान सांधे एकाच वेळी सुजत असतील आणि सकाळचा ताठरपणा तासभर टिकत असेल, तर आमवाताचा विचार करावा लागतो. तरुण पुरुषाची टाच व घोटा दुखतो आणि त्याबरोबर पहाटे कंबर आखडते, असे असल्यास कण्याशी निगडित सांधेविकाराची शंका घ्यावी. जुलाब किंवा मूत्रमार्गाच्या विकारानंतर काही आठवड्यांनी घोटा सुजला, तर तीही हकीकत डॉक्टरांस अवश्य सांगावी. या सर्व विकारांवर आज परिणामकारक औषधे उपलब्ध आहेत, मात्र ती सांधा वेडावाकडा होण्यापूर्वी सुरू व्हावयास हवीत.

शिक्षकांनी विशेष ध्यानात ठेवावे असे

पाच ते पंधरा वर्षे वयाच्या मुलाचा घोटा सुजला, तो दोन-तीन दिवसांत बरा होऊन गुडघा सुजला, आणि पुढे मनगट सुजले, तर “वाढीचे दुखणे आहे” म्हणून त्याकडे दुर्लक्ष करू नये. दोन-तीन आठवड्यांपूर्वी त्याचा घसा दुखत होता काय, ताप होता काय, हे विचारावे. हा संधिज्वर असू शकतो. या रोगाविषयी डॉक्टर मंडळी म्हणतात की, तो सांध्यांना नुसता चाटतो, पण हृदयाला चावतो. सांधे पूर्ववत होतात. हृदयाच्या झडपा मात्र कायमच्या निकामी होऊ शकतात. निदान वेळीच झाले, तर ठरावीक आठवड्यांनी दिल्या जाणाऱ्या पेनिसिलिनच्या इंजेक्शनांनी पुढील हानी टाळता येते. खेळाच्या तासाला एका कोपऱ्यात बसलेल्या मुलाकडे शिक्षकाने एकवार लक्ष दिले, तर त्यायोगे एक हृदय वाचू शकते.

वडोदरा जिल्ह्यातून २०१३ साली वेगळा झालेला छोटा उदेपूर जिल्हा, दक्षिण गुजरातचा आदिवासी पट्टा आणि महाराष्ट्रातील नंदुरबार, गडचिरोली यांसारखे जिल्हे येथील शाळांनी आणखी एका आजाराची जाणीव ठेवावी. तो म्हणजे सिकलसेल. यात रक्तातील तांबड्या पेशी विळ्याच्या आकाराच्या होऊन बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात व हाडांत असह्य कळा येतात. तान्ह्या मुलांचे हात व पाय सुजतात, मोठ्यांच्या घोट्याभोवती न भरणारे व्रणही होतात. हा आजार आईबापांकडून येतो, तो कोणाच्या दृष्टीने किंवा शापाने होत नाही. या आजाराच्या निर्मूलनासाठी २०२३ साली राष्ट्रीय अभियान सुरू झाले आहे. साध्या रक्ततपासणीने तो कळतो. वारंवार हातपाय दुखतात म्हणून शाळा बुडविणारे मूल आळशी नसून आजारी असू शकते.

न दुखणारा किंवा थोडाच दुखणारा घोटा

घोटा जेवढा कमी दुखतो तेवढा तो कमी धोक्याचा, असा समज स्वाभाविक आहे. पण तो खरा नव्हे. दीर्घकाळ मधुमेह असलेल्या माणसाच्या पायाची संवेदना कमी झालेली असते. अशा माणसाचे पाऊल किंवा घोटा मार न लागता सुजला, तांबडा झाला, हाताला ऊन लागू लागला, तर आतील हाडे ठिसूळ होऊन ढासळू लागल्याचे ते चिन्ह असू शकते. वेदना बेताचीच असल्याने तो चालत राहतो, घरचे लोक चोळत राहतात आणि काही आठवड्यांत पावलाचा आकारच पालटतो. या स्थितीत पायावरील भार त्याच दिवशी काढून घेणे, हाच मुख्य उपचार होय. मधुमेही माणसाने पायास गरम पाण्याचा किंवा विटेचा शेकही देऊ नये. चटका बसला तरी त्याला कळत नाही.

आतल्या घोट्यामागून जाणाऱ्या मज्जातंतूला कुष्ठरोगातही इजा पोहोचते. तळव्याला मुंग्या येणे, बधिरपणा येणे, चप्पल पायातून निसटली तरी न कळणे, ही त्याची लक्षणे होत. कुष्ठरोग औषधांनी पूर्ण बरा होतो आणि ती औषधे सरकारी दवाखान्यांत विनामूल्य मिळतात. संकोचाने दवडलेला वेळ मात्र परत मिळत नाही.

एकच घोटा कित्येक महिने सुजलेला, दुखणे बेताचे, संध्याकाळी बारीक ताप, वजनात घट अशी चिन्हे दिसली, तर सांध्याच्या क्षयाचा विचार करावा. क्षय केवळ फुप्फुसांचा असतो असे नाही. त्याचेही उपचार विनामूल्य आहेत, पण ते पूर्ण घ्यावे लागतात.

दोन्ही घोट्यांवर बोट दाबले असता खळगा पडत असेल, तर ते सांध्याचे दुखणे नसून शरीरात पाणी साचल्याची खूण होय. हृदय, मूत्रपिंड व यकृत यांची तपासणी त्यासाठी आवश्यक ठरते. रक्तदाबाच्या काही गोळ्यांनी, विशेषतः ॲम्लोडिपिनने, घोटे सुजतात. अशा वेळी गोळी आपण होऊन बंद न करता डॉक्टरांस विचारावे. सिप्रोफ्लॉक्सॅसिनच्या वर्गातील जंतुनाशक औषध चालू असता टाचेमागील कंडरा दुखू लागली, तर तेही त्यांच्या त्वरित निदर्शनास आणावे. गरोदर स्त्रीचे घोटे थोडेफार सुजतात, परंतु त्याबरोबर डोके दुखत असेल, दृष्टी अंधुक होत असेल किंवा चेहऱ्यावर सूज असेल, तर विलंब लावू नये.

केवळ एका पायाची पोटरी व घोटा सुजला असेल, त्यातही दीर्घ प्रवास, शस्त्रक्रिया किंवा बाळंतपण नुकतेच झालेले असेल, तर खोल शिरेत रक्ताची गुठळी झालेली असणे शक्य आहे. असा पाय कदापि चोळू नये. गुठळी सुटून फुप्फुसात गेल्यास प्राणावर बेतते.

घोट्यास विचारावयाचे प्रश्न

वरील विवेचनावरून वाचकांच्या ध्यानात आले असेल की, निदान करणे डॉक्टरांचे काम असले, तरी त्यास लागणारी माहिती घरच्यांपाशीच असते. म्हणून दवाखान्यात जाण्यापूर्वी पुढील प्रश्नांची उत्तरे मनाशी जुळवून ठेवावीत. दुखणे एका घोट्यात आहे की दोन्हींत? ते एका रात्रीत आले की महिनाभरात वाढले? सकाळी अधिक असते की श्रमानंतर? दुसरे सांधेही दुखतात काय? अलीकडे ताप, घसादुखी, जुलाब किंवा पुरळ झाले होते काय? मधुमेह आहे काय? कोणती औषधे चालू आहेत? पूर्वी कधी तो पाय मोडला होता काय?

पुढील स्थितीत मात्र प्रश्नोत्तरांत वेळ घालवू नये व त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

१. ताप असून सांधा लाल, ऊन व हलविण्यास असह्य झाला असेल. सांध्यात पू झाल्यास तो थोड्याच दिवसांत कायमचा निकामी होऊ शकतो.

२. मधुमेही माणसाचे पाऊल अथवा घोटा सुजून ऊन लागत असेल, मग तो दुखो वा न दुखो.

३. एकाच पायाची पोटरी सुजली असेल. आणि त्याबरोबर दम लागत असेल किंवा छातीत दुखत असेल, तर क्षणाचाही विलंब नको.

४. लहान मूल पाय टेकण्यास नकार देत असेल.

५. पाऊल गार पडून पांढरे किंवा काळेनिळे झाले असेल.

याखेरीज कोणतेही दुखणे दोन आठवड्यांत न ओसरल्यास प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवावे. वडोदरा शहरात १९४९ साली स्थापन झालेल्या वैद्यकीय महाविद्यालयाशी संलग्न असे सर सयाजीराव जनरल रुग्णालय आहे, तसेच गोत्री येथेही वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय आहे. तेथे जाताना जुने कागद, छायाचित्रे व चालू औषधांची वेष्टने बरोबर न्यावीत. वेदनाशामक गोळ्या दुकानातून आणून दिवसेंदिवस घेत राहू नये. त्यांनी वेदना झाकली जाते, पण पोट, मूत्रपिंड व रक्तदाब यांवर त्यांचे दुष्परिणाम होतात.

तालमीतील मालीश व पट्टी यांचे मोल कमी लेखण्याचा येथे मुळीच हेतू नाही. थकलेल्या पोटरीला जाणत्या हाताचे मर्दन सुखकर वाटते, आणि तो वारसा बडोद्याला भूषणावहच आहे. कोणत्या पायाला हात लावावा आणि कोणत्या पायाला लावू नये, हे ओळखणे हाही त्या विद्येचाच भाग मानावयास हवा. म्हणून ‘मार लागला होता काय?’ हा प्रश्न प्रथम विचारावा. उत्तर ‘नाही’ असे आले, तर तेलाची वाटी बाजूस ठेवावी आणि त्या घोट्याला काय सांगावयाचे आहे, ते शांतपणे ऐकून घ्यावे.